कूलरसमोरची रेती आणि हौदातली टेकडी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात वाळूच्या टेकडीचं मॉडेल तुम्ही कधी ना कधी पाहिलंच असेल. प्लायवूडचा तुकडा, त्यावर थर्माकोल कापून केलेले दोन उंचवटे, वरून फेव्हिकॉल लावून भुरभुरलेली रेती, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा उंट आणि पुठ्ठ्याचं खजुराचं झाड. बाजूला स्केचपेनने ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं : 'वालुकागिरीची निर्मिती'. सगळं छान असतं, फक्त त्यात निर्मिती कुठेच नसते! रेती चिकटवलेली आहे, म्हणजे कितीही वारा आला तरी ती जागची हलणार नाही. आणि जी हलत नाही तिची टेकडी झाली कशी, हे ते मॉडेल कसं सांगणार?

एनएसएसच्या निमित्ताने आम्ही चौघीजणी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना प्रदर्शनाची तयारी करून द्यायला जात होतो. तिथल्या सरांनी विषय दिला हाच, आणि दोन अटी घातल्या. "मॉडेल हललं पाहिजे, आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जायला नको." थर्ड इयर मेकॅनिकलला असल्यामुळे मला वाटलं, यात काय अवघड आहे? एक पंखा, एक ट्रे, थोडी रेती, झालं. पण या साध्या वाटणाऱ्या मॉडेलने जे शिकवलं ते फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातल्या 'मॉडेल आणि प्रोटोटाइप' या धड्यापेक्षा कितीतरी पक्कं डोक्यात बसलं. म्हणून हा लेख.

शब्दांचं आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे मला 'सॅण्ड ड्यून' हाच शब्द माहीत. 'वालुकागिरी' आणि चंद्रकोरीसारखी टेकडी म्हणजे 'बारखाण', हे शब्द मला त्या मुलांनीच शिकवले, त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकातून. पुणे-कोकणाकडचे ज्याला वाळू म्हणतात त्याला आपण वर्ध्याकडे रेती म्हणतो. मी दोन्ही शब्द वापरणार आहे, वस्तू एकच.

रेती उडते म्हणजे नेमकं काय होतं?

या विषयाचा पाया घातला तो राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश माणसाने. तो लष्करातला इंजिनीअर होता, म्हणजे आपल्याच जातीचा! 1920 आणि 30 च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात मोटारी घालून तो हिंडला. नंतर लंडनला परत येऊन त्याने वाळूसाठी खास विंड टनेल बांधला, आणि 1941 साली या विषयावर पुस्तक लिहिलं. ते आजही वाचलं जातं.

आपली समजूत अशी असते की वारा वाळूला धुळीसारखा उचलून नेतो आणि कुठेतरी टाकतो. तसं नाही. रेतीचा कण धुळीपेक्षा खूप जड. वारा त्याला जेमतेम उचलतो, कण हवेत वाऱ्याबरोबर पुढे जातो आणि लगेच खाली आदळतो. आदळताना खालच्या दोन-चार कणांना धक्का देतो, त्यातला एखादा उडतो, तो पुढे जाऊन आदळतो... म्हणजे बेडकाच्या उड्या. यालाच इंग्रजीत सॉल्टेशन म्हणतात. जे कण उडण्याइतके हलके नसतात ते या टकरींमुळे जमिनीवरूनच सरकत राहतात. बॅग्नॉल्डच्या मोजमापाप्रमाणे साधारण पाऊण हिस्सा रेती उड्या मारत जाते आणि पाव हिस्सा सरपटत.

आणखी एक मजेशीर गोष्ट. कण जितका बारीक तितका तो सहज उडेल असं वाटतं, पण अगदी बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात आणि उलट जास्त वारा मागतात. म्हणून टेकड्या होतात त्या मधल्या आकाराच्या रेतीच्या, साधारण 0.15 ते 0.3 मिलिमीटरच्या. ही रेती कोरडी असेल तर ताशी 20 कि.मी.च्या आसपासच्या वाऱ्याला हलायला लागते. ओली असेल तर विसराच.

मॉडेल पहिलं : कूलर

टेबल फॅन या कामाला कमी पडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी जो पत्र्याचा कूलर असतो त्याचा पंखा मात्र दमदार. हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको! कूलरमधलं पाणी आणि पंप काढून टाकायचा, तीन बाजूंची गवताची जाळी काढून ठेवायची. हवा कोरडी हवी.

साहित्य : कूलर, तीन फूट लांब आणि एक फूट रुंद असा काठाचा ट्रे (पत्र्याचा किंवा पॅकिंगच्या लाकडाचा), आठ-नऊ किलो रेती, पिठाची चाळणी, एक जुनी चादर, कोल्ड्रिंकचे पन्नास-साठ स्ट्रॉ, एक वीट, खराट्याच्या काड्या.

कृती : बांधकामाच्या ढिगातली रेती दोन-तीनदा पाण्याने धुऊन घ्या, म्हणजे माती निघून जाईल. एक दिवस कडक उन्हात वाळवा. चाळणीने चाळून जाड खडे बाजूला काढा. ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर जाडीचा सपाट थर द्या, फूटपट्टीने सारखा करा. पंख्याची हवा गोल फिरत येते, ती सरळ करायला स्ट्रॉ एकमेकांना चिकटवून त्यांची जाळी पंखा आणि ट्रे यांच्या मध्ये उभी करा. ट्रेच्या पलीकडे चादर बांधा, नाहीतर वर्ग झाडत बसावं लागेल. सगळ्यांनी चष्मा किंवा गॉगल लावायचा आणि नाका-तोंडाला रुमाल बांधायचा. हे गमतीत घेऊ नका, रेतीची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट.

पंखा सुरू केला की पाच-दहा मिनिटांत रेतीवर आडव्या लहरी उमटतात. वाऱ्याला काटकोनात, एकीपाठोपाठ एक. टक लावून पाहिलं तर त्या हळूहळू पुढे सरकताना दिसतात. मुलं टाळ्या वाजवायला लागली. पण एक मुलगा ट्रेवर वाकून बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, "ताई, ह्या तं लायनी झाल्या. टेकडी कुठं हाय?"

प्रश्न बरोबर होता. टेकडी कुठेच नव्हती. मग आम्ही ट्रेच्या मध्यभागी ओंजळभर रेतीचा ढीग केला. म्हटलं, ही बी-बियाण्यासारखी टेकडी, आता ही वाढेल. पंखा लावला. ढीग वाढला नाहीच, उलट माथ्यावरून झिजत झिजत दहा मिनिटांत सपाट झाला! वाळवंटात वारा टेकड्या उभ्या करतो आणि इथे तोच वारा टेकडी मोडतोय. असं का?

एसटीचा हिशोब

याचं उत्तर समजायला एसटी बसचं उदाहरण घ्या. वर्ध्याहून रिकामी गाडी सुटली. ती एकदम भरत नाही. प्रत्येक थांब्यावर दोन-चार जण चढतात आणि बरंच अंतर गेल्यावर गाडी फुल होते. गाडी फुल झाल्यावर पुढे ड्रायव्हरने गाडी लहान केली, तर लोकांना उतरावंच लागेल.

वारा म्हणजे ही गाडी आणि रेतीचे कण म्हणजे प्रवासी. टेकडीच्या चढावर वाऱ्याचा वेग वाढतो, म्हणजे गाडी मोठी होते, जास्त रेती नेऊ शकते. गंमत अशी की वाऱ्याचा जमिनीवरचा ओढा सगळ्यात जास्त असतो तो माथ्यावर नाही, माथ्याच्या जरा अलीकडे. तिथून माथ्यापर्यंत तो थोडा कमी होतो. म्हणजे गाडी लहान होते. अशा वेळी वारा रेतीने पुरेपूर भरलेला असेल, तर जास्तीची रेती माथ्यावर उतरणार आणि टेकडी वाढणार.

पण भरायला अंतर लागतं! हवेत हे अंतर मीटरच्या हिशोबात आहे. ढीग जर वीतभर लांब असेल तर वारा माथ्यापर्यंत पोचला तरी अजून 'प्रवासी घेतोय'. तो माथ्यावरचीही रेती उचलतो आणि ढीग झिजतो. ढीग जर पंधरा-वीस मीटर लांब असेल तर माथ्याच्या आधीच वारा भरलेला असतो, आणि टेकडी वाढते. म्हणूनच पृथ्वीवर हवेत तयार होणाऱ्या टेकड्यांची सुरुवातच एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत साधारण 20 मीटर या मापाने होते. त्याहून लहान ढीग टिकत नाहीत. आमचा ट्रे तीन फुटांचा होता. त्यात टेकडी होणं शक्यच नव्हतं, पंखा कितीही भारी आणला तरी.

मग ट्रेमधल्या त्या लहरी कुठून आल्या? त्या टकरींतून येतात. उड्या मारणारे कण उंचवट्याच्या वाऱ्याकडच्या बाजूवर जास्त आदळतात, आडोशाच्या बाजूवर कमी. त्यातून त्या रेषा तयार होतात. वाळवंटातल्या टेकडीच्या अंगावरही या लहरी असतात. पण लहर मोठी होऊन टेकडी होत नाही. दोन्हींचं कारणच वेगळं.

मॉडेल दुसरं : हौद

आता इंजिनिअरिंगचा भाग. भरायला लागणारं अंतर कशावर अवलंबून आहे? कणाच्या आकारावर, आणि वाळूची घनता वाहणाऱ्या पदार्थाच्या घनतेच्या किती पट आहे त्यावर. वाळूची घनता घनमीटरला साधारण 2650 किलो. हवेची 1.2 किलो. म्हणजे वाळू हवेपेक्षा दोन हजार पटींहून जड. पण पाण्याची घनता 1000. पाण्यापेक्षा वाळू फक्त 2.65 पट जड. म्हणजे हवेऐवजी पाणी घेतलं तर सगळी मापं सुमारे 830 पटींनी लहान होतात. आता 20 मीटरला 830 ने भागा. उत्तर येतं जेमतेम अडीच सेंटिमीटर!

अडीच सेंटिमीटर म्हणजे शाळेच्या टेबलावर मावणारी टेकडी. हे केवळ कागदावरचं गणित नाही. 2002 साली पॅरिसमध्ये हर्सेन, दुआदी आणि आंद्रेओत्ती या संशोधकांनी पाण्याच्या टाकीत काही सेंटिमीटरच्या बारखाण टेकड्या करून दाखवल्या. आणि 2006 मध्ये क्लोदां आणि आंद्रेओत्ती यांनी मांडलं की मंगळावरच्या, शुक्रावरच्या आणि पृथ्वीवरच्या टेकड्या आणि पाण्याखालच्या लहरी एकाच नियमाने मोजता येतात.

याचा अर्थ लक्षात आला का? पाणी उतरल्यावर वर्धा नदीच्या पात्रात ओल्या रेतीवर ज्या लहरी दिसतात, ज्यांच्यावरून आपण चपला हातात घेऊन चालतो, त्या जैसलमेरच्या टेकड्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणी आहेत. कूलरसमोरच्या लहरी दिसायला तशाच, पण त्या नुसत्या शेजारणी!

साहित्य : गुरांना पाणी पाजायचा हौद किंवा लांबट टब, दीड फूट बाय एक फूट पत्र्याचा तुकडा, त्यावर चिकटवायला वॉटरप्रूफ पॉलिश पेपर, दोरी, दोन पीव्हीसी पाइप, नरसाळं, वाटीभर धुतलेली बारीक रेती. वीज लागत नाही, म्हणजे ऐन प्रदर्शनात लाईट गेली तरी चिंता नाही.

कृती : पत्र्यावर पॉलिश पेपर चिकटवा, म्हणजे रेती नुसती घसरणार नाही. पुढच्या आणि मागच्या कडेला भोकं पाडून दोऱ्या बांधा. हौदाच्या तळाशी दोन पाइप रुळांसारखे ठेवा, त्यावर पत्रा ठेवा. वर फूटभर पाणी हवं. नरसाळ्यातून रेती सोडून पत्र्यावर एक सेंटिमीटर उंच आणि पाच सेंटिमीटर रुंद असा छोटा ढीग करा.

आता एकाने पुढची दोरी झटकन ओढायची : एका सेकंदात वीतभर. मग दुसऱ्याने मागची दोरी अगदी सावकाश ओढून पत्रा जागेवर आणायचा : मनातल्या मनात पाच आकडे मोजत. झटकन ओढताना रेती हलते, सावकाश येताना हलत नाही. म्हणजे ढिगाच्या दृष्टीने पाणी एकाच दिशेने वाहतंय, वाळवंटातल्या वाऱ्यासारखं. पाणी स्थिर होऊ द्यायचं आणि पुन्हा ओढायचं.

धीर धरावा लागतो. मुलांनी पाळ्या लावल्या आणि एकजण फळ्यावर रेघा मारत मोजत बसली. पन्नासेक ओढींत ढिगाचा माथा धारदार झाला. एका बाजूला लांब उतार, दुसऱ्या बाजूला कडा. शंभरीच्या पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंनी शिंगं फुटायला लागली आणि हौदाच्या तळाशी बोटभर चंद्रकोर तयार झाली. भूगोलाच्या पुस्तकात असते तशीच बारखाण! कुणीही चिकटवलेली नाही, कापलेली नाही. ज्याने टेकडी कुठंय विचारलं होतं तो काहीच बोलला नाही, फक्त दोरी सोडायला तयार नव्हता.

इथे तीन गोष्टी मुलांना स्वतः शोधू द्या. एक : शिंगं पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने पुढे येतात, म्हणजे आपण ओढतो त्याच्या उलट दिशेला. का? कडेला रेती कमी, म्हणून तिथला भाग वेगाने सरकतो. दोन : एक लहान आणि एक मोठा ढीग एकामागे एक ठेवा. लहान ढीग मोठ्याला गाठतो. वाळवंटातही लहान टेकड्या जास्त वेगाने चालतात. तीन : कड्याचा कोन. हा बाहेर, कोरड्या रेतीवर मोजा. हळूहळू ढीग करा आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने उतार बघा. 32 ते 35 अंशांच्या आसपास येईल. त्यापेक्षा चढ जास्त झाला की रेती घसरते. टेकडीची आडोशाची बाजू याच कोनात उभी असते.

कोकणातली टेकडी आणि एक रात्र

माझी रूममेट दापोलीची. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या केळशीची टेकडी तर एका रात्रीत झाली म्हणतात!" दापोली तालुक्यात केळशीच्या किनाऱ्यावर वाळूची मोठी टेकडी आहे आणि ती एका रात्रीत उभी राहिली अशी आख्यायिका खरंच आहे.

आपण हिशोब करून बघू. बॅग्नॉल्डच्या सूत्रात ताशी 35 कि.मी.चा वारा घातला तर एक मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला साधारण 40 किलो कोरडी रेती जाते. दहा तासांच्या रात्रीत 400 किलो, म्हणजे पाव घनमीटर. समजा टेकडी 10 मीटर उंच आणि पायाशी 60 मीटर रुंद आहे. एक मीटर रुंदीच्या कापात 300 घनमीटर वाळू झाली. वाऱ्याला अशा 1200 रात्री लागतील, त्याही सगळ्या कोरड्या आणि एकाच दिशेच्या वाऱ्याच्या! पावसाळ्यात वारा जोरात असतो तेव्हा कोकणातली वाळू भिजलेली असते.

म्हणजे टेकडी खरोखर एका रात्रीत आली असेल तर ती वाऱ्याने आणलेली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला. तिच्या थरांत त्यांना जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या, आणि समुद्रातून आलेल्या प्रचंड लाटेने ही वाळू आणली असं मत त्यांनी मांडलं. 1524 साली वास्को द गामाचा काफिला दाभोळच्या जवळ असताना वारा नसूनही समुद्र थरथरला, अशी नोंद पोर्तुगीजांनी केलेली आहे. दाभोळ केळशीपासून फार लांब नाही. साध्या गुणाकार-भागाकाराने आपण आख्यायिकेला थेट खोटं न म्हणता तिला योग्य प्रश्न विचारू शकतो, हे मला फार आवडलं.

काडीचं कुंपण

कूलरचं मॉडेल मात्र अडगळीत टाकू नका. टेकडी वाढवायला ते निरुपयोगी, पण वाळू अडवायला उत्तम. ट्रेमध्ये एकदा वीट उभी करा आणि एकदा खराट्याच्या काड्या रांगेत रोवा, काडी आणि फट सारखीच. विटेच्या समोर आणि बाजूंना वारा भोवरे करून रेती खरवडतो. काड्यांच्या कुंपणातून वारा जातो पण मंदावतो आणि दोन्ही बाजूंना रेती निवांत साचते. भिंतीपेक्षा फटीचं कुंपण सरस!

किनाऱ्यावर हेच काम मर्यादवेल करते. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूवर पसरते, वारा मंदावते आणि वाळू धरून ठेवते. समुद्राच्या लाटा आणि गाव यांच्या मध्ये ही टेकडी उभी असते. म्हणूनच 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना सगळ्यात कडक संरक्षणाच्या गटात ठेवलं आहे. सुट्टीत कोकणात गेलात आणि हॉटेलसमोर ती वेल दिसली, तर तिला गवत समजून तुडवू नका.

प्रदर्शनात मांडताना

दोन्ही मॉडेल शेजारी शेजारी ठेवा. आधी कूलर लावा, लहरी दाखवा, मग ढीग मोडू द्या. परीक्षकांनी "मग टेकडी कुठे आहे?" असं विचारलं की हौदाकडे न्या आणि दोरी त्यांच्याच हातात द्या. तक्त्यावर फक्त तीन आकडे लिहा : 20 मीटर, 830, अडीच सेंटिमीटर. बाकी मुलं बोलतील. त्या शाळेतली मुलं तरी छान बोलली. खर्च आला सत्तर रुपये, त्यातला बराचसा पॉलिश पेपरचा.

शाळेत जाणाऱ्या लहान भावंडांना किंवा शेजारच्या पोरांना हे करून दाखवायचं असेल तर मे महिन्याची सुट्टी सगळ्यात चांगली. रेती एका दिवसात वाळते, कूलर घरात असतोच, आणि भर उन्हात हौदात हात घालून बसायला कुणीही नाही म्हणत नाही!